राजाचा ड्वॉर्फ अंगरक्षक: बाजीप्रभूंपेक्षा जिवा महाला जवळचा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात राजाचा अंगरक्षक म्हणून ड्वॉर्फ (बुटक्या, दणकट जमातीचं पात्र) कसा रंगवावा, या प्रश्नावर वर दोघांनी बाजीप्रभूंचा नमुना घ्यायला सांगितलंय. भावना पटते. पण १६६० मध्ये बाजीप्रभू खिंड अडवून उभे राहिले ते महाराज विशाळगडाकडे निघून जावेत म्हणून. अंगरक्षक राजापासून लांब थांबत नाही. त्याच्यासाठी जिवा महाला बघा. १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाने महाराजांवर तलवार उगारली आणि जिवाने तो हात वरच्या वर छाटला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे उगाच म्हणत नाहीत.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत हे अगदी चपखल बसतं. फायटरने (लढवय्या पात्राने) 'प्रोटेक्शन' शैली घेतली, हातात ढाल आहे आणि हल्लेखोर दिसतोय, तर ५ फुटांच्या आतल्या सोबत्यावरचा वार तो 'रिअ‍ॅक्शन' (समोरच्याच्या चालीवर लगेच करायची कृती) वापरून कमजोर करतो: हल्लेखोराने दोन फासे टाकायचे आणि कमी आकडा धरायचा. ड्वॉर्फ हळू म्हणून नको, हे वरचं म्हणणं मला मान्य नाही. वेग पाळीला २५ फूट खरा, पण जड चिलखतानेही तो घटत नाही, आणि राजाला चिकटून राहायला तेवढा पुरतो. खरी अडचण वेगळीच. रिअ‍ॅक्शन फेरीत एकदाच मिळते. कोपरखैरण्याला आमच्या खेळात दोन मारेकरी एकदम आले, पहिल्याच वाराला ती खर्च झाली आणि दुसऱ्याचा फासा पडेपर्यंत सगळे खुर्च्या सोडून टेबलावर वाकले होते. तेव्हापासून आम्ही राजाला दालनाच्या कोपऱ्यातच उभं करतो, म्हणजे फार जणांना त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही.