तीन मुलं, एक मागची सीट: बूस्टरची घाई करावी का?

तिघांची आई, पुणे:
दिवाळीला कोल्हापूरला जायचंय आणि कार सीटवरून आमच्याकडे एकमत होत नाहीये. मोठा ८ वर्षांचा, उंची १२४ सेंमी. मधली ४ वर्षांची, १६ किलो. धाकटा ९ महिन्यांचा, ९ किलो. मधलीची सीट मागे तोंड करून १३ किलोपर्यंत चालते, म्हणून ती धाकट्याला द्यायची, इथवर आम्ही दोघं एकत्र आहोत. नवऱ्याचं म्हणणं असं की मधलीला आता बूस्टर (मुलाला उंच करणारी बैठक, वरून गाडीचाच पट्टा लावायचा) पुरे, आणि मोठ्याला नुसता गाडीचा पट्टा. माझं मत, मधलीला अजून दोन्ही खांद्यांवरून पट्टे येणारी सीटच हवी आणि बूस्टर मोठ्याला.

परवा मोठ्याला बूस्टरशिवाय बसवून पाहिलं. पट्टा खांद्याच्या मधोमध येण्याऐवजी गळ्याला घासत होता. दोन मिनिटांत त्याने तो काखेखालून घेतला. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, थेट पोटावर. जोरात ब्रेक लागला तर सगळा भार त्या मऊ पोटावर येणार. नवीन सीटचा खर्च मला दिसतोय, पण मन मानत नाही.

सातारकर बाबा:
ताई, मी तुमच्या यजमानांच्या बाजूने. बूस्टर १५ किलोपासून चालतो, तसं सीटवरच छापलेलं असतं. तुमची लेक १६ ची. माझी मुलगी चौथ्या वर्षीच पाठ असलेल्या बूस्टरवर बसायला लागली, काही अडचण आली नाही. तिघांच्या तीन महागड्या सीट घ्यायच्या आणि वर्षा-दोन वर्षांनी त्या माळ्यावर टाकायच्या, हे सगळ्यांना परवडत नाही. पैसे बाळाच्या सीटवर घाला.

नाशिकची मावशी:
मला हे सगळंच जास्त वाटतं गं. आम्ही तिन्ही मुलं मांडीवर घेऊन कसारा घाट उतरलो. ९ महिन्यांचं लेकरू चार-पाच तास पट्ट्यात अडकवायचं, रडून रडून घसा बसतो त्याचा. आजीच्या मांडीवर शांत झोपेल. मायेनेच सांगतेय.

पिंपरीचा मेकॅनिकल:
मावशी, रडण्याचं दुःख खरं आहे. दर दीड तासाला थांबा, बाळाला बाहेर काढा, पाजा. पण मांडीवर नको. ताशी ५० च्या वेगातली गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर ९ किलोचं बाळ धरून ठेवायला सव्वाशे किलो पेलण्याइतका जोर लागतो. तेवढा जोर कुणाच्याच हातात नसतो, आजीच्याही नाही आणि माझ्याही नाही. मागे तोंड करून बसवतात त्याचं कारणही हेच. या वयात डोकं अंगाच्या मानाने फार जड आणि मान कोवळी असते. मागे तोंड असलं की धक्का एकट्या मानेवर न येता पाठ, मान, डोकं सगळ्यावर पसरतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन लागतंच, नाहीतर १००० रुपये दंड.

सातारकर बाबांना: आकडा बरोबर, पण तो किमान आकडा आहे. बूस्टरवरचं मूल नीट बसून राहिलं तरच पट्टा जागेवर राहतो. चार वर्षांचं मूल गाडीत झोपतं. माझा मुलगा खंबाटकीच्या आधीच झोपला, मान दाराकडे कलली आणि पट्टा दंडावर घसरला. आरशात दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. घरी येताच बूस्टर ठेवून दिला आणि जुनी सीट परत बसवली.

सातारकर बाबा:
झोपेचा मुद्दा मान्य. पण मग पाठीला दोन्ही बाजूंनी कान असलेला बूस्टर घ्या. मूल कलंडत नाही. माझं मत बदललं नाही.

म्युनिकची आत्या:
मोठ्याबद्दल बोलते. इथे जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंमी, यातलं जे आधी होईल तोवर बूस्टर सक्तीचा. १२४ ला कुणी काढणार नाही. वय विसरा, पट्टा कुठून जातो ते बघा. तुम्ही पाहिलंत तेच बरोबर पाहिलंत.

पिंपरीचा मेकॅनिकल:
विकत घेण्याआधी मागची सीट मोजा. आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे मुलाची सीट गाडीला थेट अडकवायच्या कड्या, बहुधा दोन्ही कडांनाच असतात. मधल्या जागी नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर चालत नाही, त्याला खांद्याचा पट्टा हवाच. आणि दोन सीटच्या मध्ये मोठा बसला तर त्याचा हात बकलपर्यंत पोचतो का, हे दुकानातच बघा.

तिघांची आई, पुणे:
मोजलं. मागे १२६ सेंमी, आणि मला हव्या त्या तीन सीट मिळून १३२. मधे कमरेचाच पट्टा. म्हणजे तिघं शेजारी बसतच नाहीत, आणि सासूबाईंना तर जागाच उरत नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, मी आणि मोठा कोयना एक्सप्रेसने जातो, त्याला खिडकी मिळेल. गाडीत मागे एका कडेला बाळ, दुसऱ्या कडेला मधली. तिच्यासाठी पट्ट्यांची सीटच बघतेय, पुढे पट्टे काढून बूस्टर होईल अशी. सातारकर दादा, नवरा अजून तुमच्याच बाजूने आहे. शनिवारी दोघं दुकानात जातोय, लेकीला घेऊन.