ड्रायसूट की वेटसूट - प्रतिसाद

"ड्रायसूट एकदाच घ्या, कुठेही चालतो" असं स्कूबा डायव्हिंगच्या सूटबद्दल वर कोणीतरी लिहिलंय ते मला तरी नाही पटत (ड्रायसूट म्हणजे आत पाणी न येऊ देणारा, आत हवा असलेला सूट; वेटसूट म्हणजे अंगाला घट्ट बसणारा, थोडं पाणी आत येऊ देणारा रबरी सूट). तारकर्ली काय अंदमान काय, पाणी साधारण २६ ते २९ डिग्री, तिथे ३ मिमीचा वेटसूट रग्गड झाला, ड्रायसूट घालून बोटीवर उन्हात बसलात तर पाण्यात उतरायच्या आधीच उकडून निघाल. आइसलंडच्या सिल्फ्राला (तिथली डायव्हिंगची एक जागा) २-४ डिग्रीत ड्रायसूटच पाहिजे, मान्य, पण तो तिथे भाड्याने मिळतो आणि त्याचं ट्रेनिंग वेगळं घ्यावं लागतं (आतली हवा पायांकडे गेली की माणूस उलटा होऊन वर!).

बाकी एक गोष्ट कोणी बोललंच नाही, वेटसूटचं निओप्रीन (बारीक बुडबुडे असलेलं रबर) खोलवर दबतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यातले गॅसचे बुडबुडे आकसतात, म्हणजे वर मस्त उबदार वाटलेला सूट ३० मीटरला पातळ पडतो, त्यामुळे जाडी ठरवताना किती खोल जाणार ते पण बघा. आणि आमच्या घोडबंदरला जुलैत सूट वाळता वाळत नाही, मी गोड्या पाण्यातून काढून जाड हँगरवर पंख्याखाली टांगतो, घडी घालून माळ्यावर टाकू नका, घडीवर निओप्रीन कायमचं चेपतं.