कोलंबिया नदीवरील सॅमन: हक्क आणि नियमन

‘करारामुळे अमेरिकेतल्या आदिवासींना सॅमन मासा कितीही पकडता येतो, मग नियमन कसले?’ असा आक्षेप घेतला जातो. तो निदान वायव्य अमेरिकेतल्या कोलंबिया नदीबाबत वस्तुस्थितीला धरून नाही. याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या जमातींनी १८५५ च्या करारांत बहुतेक जमीन अमेरिकी सरकारच्या हवाली केली, पण परंपरागत जागी मासे धरण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. तेव्हा ही सरकारने दिलेली सवलत नव्हे. १९६९ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश बेलोनी यांनी जमातींना न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे, आणि राज्यांनी मत्स्यसंवर्धनासाठी आवश्यक तेवढेच निर्बंध घालावेत, असा निकाल दिला.

बॉनव्हिल ते मॅकनरी धरणांमधल्या पट्ट्यात व्यावसायिक मासेमारी या जमातींनाच करता येते, तीही ठरवून दिलेल्या हंगामात. बॉनव्हिलच्या मत्स्यसोपानाला, म्हणजे माशांना धरण चढून जाता यावे म्हणून बांधलेल्या पायऱ्यांच्या जलमार्गाला, काचेच्या खिडक्या आहेत. तिथून चढणीचे मासे जातवार मोजले जातात, आणि त्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी दिसली की गिलनेटचे (मासा कल्ल्यांपाशी अडकवणाऱ्या जाळ्याचे) दिवस घटतात. जाळ्याच्या आसाचे (छिद्राचे) मापही ठरवले जाते. जमातींची स्वतःची गस्त असते, हे तर आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊकच नसते.

माझ्या मते या वादात जाळ्यांकडे जितके बोट दाखवले जाते, तितके धरणांकडे दाखवले जात नाही. शतकानुशतके मासेमारी चाललेला सेलिलो धबधबा १९५७ मध्ये द डॅल्स धरणाच्या जलाशयाखाली गेला, तो काही कोणाच्या जाळ्यामुळे नव्हे.