शब्दचर्चा: 'गोपनीयता' म्हटले की काका विचारतात, "लपवायचे काय आहे?"

परदेशी पाटी:
सर्वांना नमस्कार. मी अमेरिकेतील एका विद्यापीठात पीएचडी करते. तिथल्या मराठी विद्यार्थ्यांच्या मंडळासाठी विद्यार्थी आरोग्य केंद्राच्या 'रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या' या पत्रकाचा अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. विद्यार्थ्यांना इंग्रजी येतेच; मराठी पत्रक हवे आहे ते ऑगस्टमध्ये मुलांना सोडायला येणाऱ्या आणि पुढे वर्षभर व्हिडिओ कॉलवरून काळजी करणाऱ्या आईवडिलांसाठी. त्यातल्या एका कलमाचा आशय असा आहे की तपासणीची आणि उपचारांची माहिती विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीवाचून कोणालाही, अगदी पालकांनाही, दिली जाणार नाही. या कलमाला मी 'गोपनीयता' असा मथळा दिला आणि कच्चा मसुदा नाशिकच्या एका काकांना वाचायला दिला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "यात लपवण्यासारखे काय असते?" मग मी 'गुप्तता' करून पाहिले, तर काकू हसल्या आणि म्हणाल्या की हे एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिरातीसारखे वाटते. 'कॉन्फिडेन्शिअॅलिटी' या मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिनमधला 'विश्वास' आहे, आपल्या शब्दाच्या पोटात मात्र झाकपाक ऐकू येते. ज्यात विश्वास ऐकू येईल असा मराठी शब्द कोणी सुचवील का?

निवृत्त टिपणी:
मी ३१ वर्षे शासकीय सेवेत होतो, म्हणून माझ्या कानाला 'गोपनीय' हा शब्द कसा लागतो ते सांगतो. आमच्या काळी दर वर्षी साहेब प्रत्येक कर्मचाऱ्याचा 'गोपनीय अहवाल' लिहीत असत, ज्याला आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. तो साहेबांना ठाऊक असे, साहेबांच्या साहेबांना ठाऊक असे आणि आस्थापना शाखेतल्या शिपायालाही पुष्कळदा ठाऊक असे. तो ज्याच्याविषयी लिहिलेला असे त्याला मात्र, शेरा प्रतिकूल असल्याखेरीज, सहसा दाखवत नसत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला की अहवालातली प्रत्येक नोंद संबंधिताला कळवलीच पाहिजे, तोवर माझ्या नोकरीचा बराच काळ संपला होता. तुमच्या पत्रकातली गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे, कारण तिथे माहिती ज्याची आहे त्याला ती दिसते आणि इतरांना दिसत नाही. 'गोपनीयता' हा शब्द माहिती झाकलेली आहे एवढेच सांगतो. ती कोणाची आहे हे सांगत नाही. काकांची चूक मला तरी दिसत नाही.

शुद्धमती:
दोष शब्दाचा नसून आपल्या विस्मरणाचा आहे, असे नम्रपणे सुचवते. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'गुपू रक्षणे' असे स्पष्ट आहे. गोप म्हणजे राखणारा, आणि त्याच धातूपासून आलेला 'गोपनीय' म्हणजे राखण्याजोगे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वैद्याने राखावी, यापेक्षा नेमका शब्द कोणत्या भाषेत सापडेल? सरकारी कचेऱ्यांनी एखादा शब्द मळवला म्हणून तो टाकून द्यायचा झाला, तर आपल्याजवळ एकही शब्द उरणार नाही.

निवृत्त टिपणी:
बाई, धातुपाठ खिशात घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही.

जुने कागद:
मी हौसेने मोडी कागद वाचतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे असेल हे आपण ओळखलेच असेल. माझी सूचना 'खासगीपणा' अशी आहे. 'खाजगी' असे न लिहिता मुळाशी जवळचे 'खासगी' लिहावे, कारण हा शब्द अरबी 'खास'वरून आला आहे आणि त्यात मालकी आहे, लपवणे अजिबात नाही. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' अशी दोन वेगळी खाती होती. दौलतीचा पैसा राज्याचा आणि खासगीचे उत्पन्न राणीचे, आणि अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाटांचा व मंदिरांचा खर्च या खासगीतून झाला. खासगी सगळ्या हिंदुस्थानाला दिसत होती. तिच्यावर हुकूम मात्र एकाच व्यक्तीचा चालत होता. टिपणीसाहेब ज्या 'कोणाची' या प्रश्नावर अडले, त्याचे उत्तर या शब्दात आयते मिळते.

परदेशी पाटी:
होळकरांचे उदाहरण फारच आवडले. अडचण एवढीच आहे की पत्रकात 'प्रायव्हसी' हा वेगळा मुद्दाही आहे: तपासताना पडदा ओढणे, दार लावणे, खोलीत तिसरी व्यक्ती असावी की नसावी हे रुग्णाने ठरवणे. 'खासगीपणा' मी तिथे वापरून बसले आहे. पहिला हक्क शरीराभोवतीच्या जागेचा आहे आणि दुसरा माहितीचा, आणि दोन्हींना एकच शब्द वापरला तर पालक दुसरे कलम वाचणारच नाहीत.

दवाखाना क्रमांक दोन:
सोलापूरकडे माझी वीस वर्षांची प्रॅक्टिस आहे. इतक्या वर्षांत मी 'गोपनीयता' हा शब्द पेशंटसमोर एकदाही उच्चारलेला नाही. मी म्हणतो, "हे आपल्यातच राहील." एवढ्यावर समोरचा माणूस बोलू लागतो. खरी अडचण शब्दाची नाही; 'आपल्यात' म्हणजे नक्की कोणाकोणात, ही आहे. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. सुनेबरोबर सासू येते, मुलाबरोबर वडील आणि चुलते येतात, आणि फाइल कोणाच्या हातात असेल त्याला बाकीचे सगळे पेशंटपेक्षा मोठे मानतात. कागद मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला नोंदी द्याव्यात, असे वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. प्रत्यक्षात कोणाला अधिकार दिला होता हे विचारले तर नातेवाईक रागावतात.

आणि विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, 'इन्फॉर्म्ड कन्सेन्ट'ला, म्हणजे उपचार नीट समजावल्यावर रुग्णाने दिलेल्या परवानगीला, आपण काय लिहिले आहे? 'सूचित संमती' असे छापलेले मी पाहिले आहे. मराठीत 'सूचित' म्हणजे आडून सुचवलेले, त्यामुळे अर्थ पार उलटा होतो. ही संमती तर सुचवलेली मुळीच चालत नाही, ती घडघडीत द्यावी लागते.

जुने कागद:
डॉक्टर, याला आपल्या खरेदीखतांत आणि मृत्युपत्रांत शेकडो वेळा लिहिलेला मजकूर आहे: "राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले." राजीखुशी म्हणजे दडपण नाही, आणि अक्कलहुशारी म्हणजे काय लिहून देतो आहे हे देणाऱ्याला समजते आहे. तुमच्या वैद्यकीय संमतीला याहून वेगळे काय हवे असते?

शुद्धमती:
राजी, खुशी, अक्कल, हुशारी! चारही शब्द यावनी. अमेरिकेतल्या रुग्णालयात जमिनीच्या खरेदीची भाषा नेऊन आपण काय साधणार आहोत? 'सुजाण संमती' हा सरळ, स्वच्छ शब्द उपलब्ध आहे.

दवाखाना क्रमांक दोन:
'सुजाण' म्हटले की संमती देणारा माणूस शहाणा असावा असा ध्वनी निघतो. अडाणी माणसाचीही संमती पूर्ण असू शकते, त्याला नीट समजावले असेल तर. समजावण्याची जबाबदारी माझी आहे, त्याच्या शहाणपणाची नाही. त्या दृष्टीने 'अक्कलहुशारी'तही तोच दोष आहे, हे जुने कागद यांना सांगावेसे वाटते. मी 'समजून दिलेली संमती' असे लिहितो.

यात पालकांशी संबंधित एक गोष्ट आहे, म्हणून थोडे लांबवतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात निकाल दिला. ४४ वर्षांच्या त्या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. त्या भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान आहे, भूल उतरल्यावर तिला विचारता आले असते, आणि जीवावर बेतलेले नसताना आईची संमती तिची संमती होऊ शकत नाही. काकांना गोपनीयतेचा शब्द समजत नसेल तर हा निकाल समजेल.

एका मुलाची आई:
मी इथे फक्त वाचत असते, पण आज राहवले नाही. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा तिथे तापाने आजारी होता आणि दिवसभर फोन उचलत नव्हता. मी रात्री दीड वाजता त्याच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की तो इथे आला आहे की नाही, हेसुद्धा आम्ही सांगू शकत नाही. फी आम्ही भरतो, विमा आम्ही काढला, आणि मूल जिवंत आहे का हे मला कळू नये? त्या रात्री तुम्ही 'गोपनीयता' म्हटले असते काय आणि 'खासगीपणा' म्हटले असते काय, मला सारखाच राग आला असता. नंतर मुलाने स्वतःच कसलासा फॉर्म भरला आणि माझे नाव दिले. तेव्हा मथळ्याचा वाद बाजूला ठेवून एवढेच लिहा की "तुमच्या मुलाने लिहून दिले तरच आम्ही तुम्हाला सांगू." आणि तो फॉर्म कुठे मिळतो तेही लिहा.

परदेशी पाटी:
आई, फॉर्मची सूचना मी सर्वांत वर घेते आहे. त्या बाईंचा नाइलाज होता. अमेरिकेत १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा महाविद्यालयात दाखल झाला की शैक्षणिक नोंदींवरचे पालकांचे हक्क त्याच्याकडे जातात. पुष्कळांना वाटते की आरोग्य केंद्राला वैद्यकीय माहिती जपण्याविषयीचा १९९६ चा हिपा कायदा लागू होतो, परंतु विद्यापीठाने चालवलेल्या केंद्रातल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी बहुधा हिपाखाली न येता फर्पाच्या चौकटीत येतात. शहरातल्या बाहेरच्या रुग्णालयात गेले की हिपा. दोन्हीकडे सज्ञान विद्यार्थ्याची परवानगी विचारतातच.

याला अपवाद आहेत, आणि त्यांतला सर्वांत गाजलेला अपवाद एका भारतीय विद्यार्थ्यामुळे आला. १९६९ मध्ये बर्कले येथे शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्याच रुग्णालयातल्या मानसतज्ज्ञाला सांगितले होते की तो एका तरुणीला मारणार आहे. तज्ज्ञाने परिसरातल्या पोलिसांना कळवले, त्यांनी त्याला ताब्यात घेऊन सोडून दिले, आणि त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केले नाही. ऑक्टोबरमध्ये तिचा खून झाला. १९७६ च्या तारासॉफ निकालात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दुसऱ्याच्या जीवाला गंभीर धोका दिसत असेल तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी पावले उचलणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हणून 'आपल्यातच राहील' हे डॉक्टरांचे वाक्य मला मोह पाडत असले तरी पत्रकात तसेच्या तसे घालता येत नाही. खाली अपवादांची ओळ लागतेच.

शुद्धमती:
एक मूलभूत आक्षेप राहूनच गेला. मथळ्यात 'हक्क' कशासाठी? 'अधिकार' का नाही?

निवृत्त टिपणी:
कारण अधिकार अधिकाऱ्याकडे असतो. शासनाचे स्वतःचेच ठरलेले नाही: २००५ चा कायदा 'माहितीचा अधिकार' आणि महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा 'लोकसेवा हक्क'. शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी दर्शनी भागात जो फलक लावणे बंधनकारक केले, तो 'रुग्ण हक्क सनद' म्हणून ओळखला जातो. हक्क अरबी, सनद अरबी, आणि मधला रुग्ण बिचारा संस्कृत.

जुने कागद:
तो रुग्णही तपासून घ्यावा. 'रुज्' म्हणजे मोडणे, म्हणून रुग्ण म्हणजे मोडलेला. फ्लूची लस टोचून घ्यायला किंवा समुपदेशनाला आलेली धडधाकट मुलगी मोडलेली कशी?

निवृत्त टिपणी:
मग तिला 'लाभार्थी' म्हणा.

दवाखाना क्रमांक दोन:
कृपया नको. लाभार्थी म्हटले की रांग, आधार कार्ड आणि मंत्र्यांचा फोटो डोळ्यांसमोर येतो. पेशंट म्हणा. माझ्याकडे येणारी शेतमजूर बाईसुद्धा पेशंटच म्हणते.

परदेशी पाटी:
तूर्त असे करते आहे: कलमाचा मथळा 'तुमची माहिती तुमचीच', खाली आईंचे वाक्य, आणि त्याखाली अपवाद. 'गोपनीयता' हा शब्द कंसात ठेवावा की नाही यावर मंडळात दोन तट आहेत. पत्रक येत्या बुधवारी छपाईला जाते आणि 'जबाबदाऱ्या' हा भाग अजून बाकी आहे. त्यात घेतलेली वेळ न कळवता चुकवली तर आकारल्या जाणाऱ्या रकमेचा उल्लेख आहे. मी 'वेळ चुकवल्याचा दंड' असे लिहिले आहे. चालेल का?

निवृत्त टिपणी:
दंड करायला दंडाधिकारी लागतो. आरोग्य केंद्राला 'शुल्क' घेता येईल, परंतु न मिळालेल्या सेवेचे शुल्क कसे? 'आकार' म्हणा. विजेच्या बिलात 'स्थिर आकार' असतोच. आपण दिवा लावा अथवा न लावा.

शुद्धमती:
प्रथमच आपल्याशी सहमत आहे.

एका मुलाची आई:
हा आकार विद्यापीठाच्या ज्या खात्यात फीबरोबर लागतो, ते बिल आम्हीच भरतो. मग मुलगा डॉक्टरकडे जाणार होता आणि गेला नाही, हे आम्हाला त्यावरून कळेल का, की तिथेही फक्त रक्कम दिसेल?

निवृत्त टिपणी:
'आकारा'विषयी एक सांगायचे राहिले. 'विलंब आकार' वेगळा आणि हा वेगळा, तेव्हा नुसते 'आकार' न लिहिता 'अनुपस्थिती आकार' लिहावे, अन्यथा उशिरा पोहोचलेले पोरही घाबरून परत जाईल.