क्यूएमपीवर 'रिटर्न' आलं, तरी व्हीएम बंद झाली नाही – सल्ला हवा

कर्वेनगरी
नमस्कार मंडळी. एका कॉलेजच्या लॅबसाठी मी छोटी पायथन सेवा लिहिली आहे. एका सर्व्हरवर क्यूईएमयू-केव्हीएम या सॉफ्टवेअरच्या २४ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक) चालतात, मुलं त्यावर डेटाबेसची प्रॅक्टिकल्स करतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की यूपीएसवर सगळ्या व्हीएम नीट बंद करायच्या, हे या सेवेचं मुख्य काम.

मागच्या गुरुवारी प्रत्येकीच्या क्यूएमपी सॉकेटवर (क्यूईएमयूला कमांड द्यायची जोडणी) सिस्टम-पॉवरडाउन ही बंद करायची कमांड पाठवली. चोवीसही ठिकाणांहून 'रिटर्न' हे उत्तर आलं, म्हणून सर्व्हर बंद केला. वीज आल्यावर ३ व्हीएमचे डेटाबेस उघडेनात. एका मुलीचं आठवड्याचं काम गेलं, ते मनातून जात नाही.

दुसरी अडचण म्हणजे कधीकधी कमांडचं उत्तर म्हणून भलतंच काही हातात येतं आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. मांडणी कशी करावी?

बाणेरटेकडी
महापालिकेत अर्ज दिला की शिक्का मारून पोच मिळते. पोच मिळाली म्हणजे दाखला मिळाला असं कुणी धरत नाही. इथलं 'रिटर्न' ही तशी पोच आहे. सिस्टम-पॉवरडाउन म्हणजे गेस्टचं (व्हीएमच्या आत चालणाऱ्या सिस्टमचं) एसीपीआय पॉवर बटण दाबणं, एवढंच. गेस्ट ग्रबच्या (सिस्टम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूवर अडकला असेल, किंवा आत बटणाची दखल घेणारं काही चालूच नसेल, तर पुढे काही घडत नाही. व्हीएम पॉज केलेली असेल तर तिचे सीपीयूच थांबलेले असतात.

'पॉवरडाउन' नावाचा इव्हेंट (क्यूईएमयू आपणहून पाठवतं ती सूचना) येतो त्याला भुलू नका, तो बटण दाबल्याची बातमी देतो. गेस्ट खरंच थांबला की 'शटडाउन' येतो. त्यातलं 'रीझन' बघा: गेस्ट आपणहून बंद झाला की होस्टवरून, म्हणजे सर्व्हरवरून, सिग्नलने मारला, ते तिथे कळतं. आणि तो आल्यावरही क्यूईएमयूची प्रोसेस संपेपर्यंत थांबा, डिस्कच्या फायली मिटण्याचं काम त्यानंतर होतं.

राजारामपूल
उत्तरं सरकतात कारण कमांड लिहून तुम्ही लगेच पुढची ओळ वाचताय. मध्येच इव्हेंट आला की तोच उत्तर समजला जातो. सॉकेट एकाच टास्कने (प्रोग्रॅममधल्या एकाच स्वतंत्र कामाने) वाचायचं, बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक कमांडला वेगळा 'आयडी' द्या, क्यूईएमयू तो उत्तरात जसाच्या तसा परत देतं. आलेल्या ऑब्जेक्टमध्ये 'इव्हेंट' असेल तर तो इव्हेंटच्या रांगेत टाका. 'रिटर्न' किंवा 'एरर' असेल तर आयडी बघून ज्याचं त्याला द्या. एररमध्ये 'क्लास' तपासा, वर्णनाचा मजकूर पुढच्या आवृत्तीत बदलू शकतो.

आणि शटडाउनची वाट बघणारा टास्क कमांड पाठवायच्या आधी उभा करा. नंतर केलात तर इव्हेंट येऊन गेलेला असतो.

कर्वेनगरी
अगदी बरोबर, सगळीकडे रीडलाइनच (पुढची ओळ वाचणारं फंक्शन) आहे. टाइमआउट झाला तर कमांड पुन्हा पाठवू का? आणि माझी सेवाच मध्ये रीस्टार्ट झाली तर?

अलकाचौक
टाइमआउट म्हणजे उत्तर आलं नाही, काम झालं नाही असं नव्हे. आधी क्वेरी-स्टेटसने व्हीएमची अवस्था विचारा, मग ठरवा. डिव्हाइस-ॲडला (व्हीएमला नवं डिव्हाइस जोडणाऱ्या कमांडला) डिव्हाइसचा आयडी तुम्हीच दिलात तर फायदा असा की चुकून दुसऱ्यांदा पाठवलं तरी क्यूईएमयू 'हा आयडी आहेच' म्हणून नाकारतं.

रीस्टार्टच्या काळात आलेले इव्हेंट तुमच्यासाठी साठवून ठेवले जात नाहीत. म्हणून जोडणी झाली, क्यूएमपी-कॅपॅबिलिटीज ही सुरुवातीची कमांड पाठवली, की लगेच सद्यस्थिती विचारायची. इव्हेंट मोजून हिशेब ठेवू नका. बलून-चेंज, आरटीसी-चेंज (व्हीएमची मेमरी, घड्याळ बदलल्याचे इव्हेंट) हे सेकंदाला जास्तीत जास्त एकच येतात, मधले गाळले जातात.

आमच्याकडे डिस्कचा बॅकअप जॉब नेमका आमची सेवा बंद असताना संपला. परत जोडलो तर जॉब यादीतच नाही. यशस्वी झाला की फसला, काहीच कळेना, सगळा बॅकअप पुन्हा घ्यावा लागला. तेव्हापासून जॉब सुरू करतानाच ऑटो-डिसमिस (संपलेला जॉब यादीतून आपोआप काढणं) बंद करते. मग संपलेला जॉब 'कन्क्लूडेड' अवस्थेत राहतो, निकाल वाचून आपण जॉब-डिसमिस केलं की जातो. आता इव्हेंट आला की मी फक्त जागी होते, निर्णय क्वेरीच्या उत्तरावर घेते.

सिंहगडरोड
हे सगळं हाताने कशाला? व्हीएम सांभाळणारी लिबव्हर्ट लायब्ररी वापरा.

बाणेरटेकडी
२४ व्हीएमसाठी मीही तेच सुचवेन, उत्तरं जुळवायचं काम वाचेल. पण लिबव्हर्टची विर्श शटडाउन ही कमांडसुद्धा विनंती पोचली की परत येते. बंद झाली का, हे तिथेही तुम्हालाच बघावं लागणार.

कर्वेनगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज लॅब सुटल्यावर चाचणी घेतली. २१ व्हीएमच्या प्रोसेस दीड मिनिटात संपल्या, त्याच ३ उरल्या. एक ग्रबच्या मेनूवर होती. दोघींची इमेज इतकी छोटी केली होती की बटणाची दखल घेणारं आत काही नव्हतं.

अलकाचौक
त्या दोघींत गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालून बाहेरच्या कमांड ऐकणारा प्रोग्रॅम) टाका आणि त्याची गेस्ट-शटडाउन कमांड वापरा. लक्षात ठेवा, ते यशस्वी झालं तर उत्तरच देत नाही. तिथेही प्रोसेस संपण्याकडेच बघायचं.

कर्वेनगरी
उद्या इमेज बदलते. एकही प्रोसेस जिवंत असेल तोवर सर्व्हर बंद होणार नाही आणि कोणती उरली ते मला फोनवर येईल, एवढं गुरुवारच्या आत करते.