सीएसआरमध्ये नाटक बसतं, प्रायोजकत्व नाही

‘कंपन्यांचा सीएसआर (म्हणजे कायद्यानुसार सामाजिक कामांवर करायचा खर्च) शाळा-दवाखान्यांसाठीच, नाटकाला त्यात जागा नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचं संवर्धन स्पष्ट लिहिलंय. नाट्यसंस्थेचा प्रस्ताव अडतो तो मांडणीत. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातल्या एका प्रयोगासाठी पैसे मागितले आणि बदल्यात बॅनरवर लोगो देऊ केला, की ते प्रायोजकत्व ठरतं. सीएसआरमध्ये धरत नाहीत. एकदाच होणारा कार्यक्रमही चालत नाही. त्यापेक्षा वर्षभराचं नाट्यप्रशिक्षण मांडा, तिमाही खर्चासकट.

संस्थेकडे कागदपत्रं मात्र आधी हवीत: १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. नव्या संस्था इथेच अडकतात, आणि हे खरंच वाईट आहे.