वचनाची वही भरते आहे, पण वागण्यात उतरत नाही: काय करावे?

कळवेकर:
सर्वांना जय ख्रिस्त. मी कळव्याला राहतो आणि दादरच्या एका खासगी कार्यालयात हिशेब विभागात काम करतो. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) युवक संघाने रोज बायबलमधील एक वचन वाचून त्यावरचे मनन वहीत लिहिण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून मी नियमाने लिहितो आहे. वर वचन, खाली अर्थ, शेवटी प्रार्थना अशी पाने होतात, त्यांचा फोटो संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा असतो आणि त्याखाली ‘आमेन’ जमा होतात. अडचण अशी की गटाला आवडेल तेवढेच आता लिहिले जाते. महिनाअखेरीस कार्यालयात न झालेल्या खर्चाची व्हाउचर तयार करायला सांगतात, त्यामुळे मनात जे चालते ते वहीत कधीच येत नाही. वचन वागण्यापर्यंत पोहोचेल अशी लिहिण्याची काही पद्धत आहे का? आणि देवाविषयीची नाराजी, शंका वहीत लिहिणे योग्य आहे का? घर एका खोलीचे आहे, त्यामुळे एकांत मिळत नाही, हेही सांगून ठेवतो.

निवृत्त शिक्षिका, भायखळा:
प्रथम गटावर फोटो पाठवणे थांबवा, किंवा पाठवायची वही वेगळी ठेवा. मत्तयाच्या ६ व्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींच्या बाबतीत प्रभू एकच इशारा देतो, की लोकांनी पाहावे म्हणून हे करू नका. मननाची वही त्याला अपवाद कशी असेल? उपक्रम चालवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, परंतु आपले पान रोज कोणीतरी वाचणार आहे हे ठाऊक असलेला माणूस सहसा मोकळेपणाने लिहीत नाही. त्याच अध्यायात खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले आहे, आणि ते एका खोलीच्या घरात कसे पाळायचे हा प्रश्न मुंबईत आपल्या एकट्याचा नाही. मी नोकरीत असताना शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून लिहीत असे. आपण परतीच्या धीम्या लोकलचा विचार करावा (सकाळी कळव्याला डब्यात पाय ठेवायला मिळाला तरी पुष्कळ, हे मला माहीत आहे).

आता पद्धतीविषयी. सुटे वचन घेऊ नका. याकोबाचे पत्र अवघे ५ अध्यायांचे आहे. ते एका बैठकीत सबंध वाचून काढा आणि मग रोज थोडा भाग घ्या. तो भाग मुळात कोणाला उद्देशून आहे आणि त्या लोकांचे काय चालले होते, हे आधी लिहा, स्वतःविषयी त्यानंतर. पाचव्या अध्यायाच्या ४ थ्या वचनात, मालकांनी अडकवून ठेवलेली मजुरी त्यांच्याविरुद्ध ओरडत आहे, असे याकोब म्हणतो. यावर ‘प्रभू, मला न्यायी कर’ असे लिहून पान उलटता येते. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी आजारपणात खाडे केले म्हणून आपण त्यांचे किती पैसे कापले, हेही लिहिता येते. या दुसऱ्या नोंदीत माणूस आणि रक्कम असते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात ती वाचताना ते पैसे दिले की नाही, हे स्वतःपासून लपवता येत नाही.

गोराईकर:
जय येशू. ताईंचे बहुतेक म्हणणे पटले, पण रोजच्या वचनातून रोज एक कर्तव्य काढायचे ठरवले, तर महिन्याभरात ती वही स्वतःवरच्या आरोपपत्रासारखी वाचावी लागेल, अशी मला भीती वाटते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण कृपेने आहे, कर्मांनी नव्हे, हे आधी येते आणि सत्कृत्यांचा उल्लेख त्यानंतर येतो. हा क्रम वहीतही राहावा. आम्हा कॅथलिकांमध्ये येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली दिवसाची तपासणी करतात. तिला पोपची मान्यता मिळालेल्या, १५४८ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात स्थान आहे. तिच्यात सुरुवात देवाचे उपकार मानण्यापासून होते, मग स्वतःला ओळखण्यासाठी प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने आठवायचा, आणि क्षमा व उद्याचा निश्चय शेवटी येतो. व्हाउचरची गोष्ट अशा नोंदीत आपोआप येईल, कारण ती दिवसातच घडलेली आहे.

दहिसरची वाचक:
नाराजीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, त्याला सांत्वनाची शेवटची ओळ नाही, आणि १३ वे तर ‘कोठवर?’ असे परमेश्वराला विचारतच सुरू होते. शास्त्रात ज्याला जागा आहे, त्याला आपल्या वहीत का नसावी? लक्ष्मीबाई टिळकांनी आपले पती नारायण वामन टिळक यांच्या १८९५ मधील मुंबईतल्या बाप्तिस्म्यानंतरचा स्वतःचा आकांत ‘स्मृतिचित्रे’मध्ये काहीही झाकपाक न करता मांडला, आणि तो लिहिला तेव्हा त्या स्वतः कित्येक वर्षे ख्रिस्ती होत्या. श्रद्धा आल्यावर आधीचा राग खोडून टाकावा, असे त्यांना वाटले नाही.

कळवेकर:
सर्वांचे आभार. फोटो आजपासून बंद. पण व्हाउचरचे काय? वहीत लिहिले तरी सही मलाच करायची आहे, आणि घरात पगार माझा एकट्याचा आहे.

निवृत्त शिक्षिका, भायखळा:
लूकच्या तिसऱ्या अध्यायातील १२ ते १४ ही वचने काढून वाचा. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात की आम्ही काय करावे, आणि तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. ठरवून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, कोणाला धाकदपटशा दाखवू नका, आपल्या पगारात तृप्त असा, असे त्यांच्या कामातलेच उत्तर देतो. आपणही राजीनाम्यापासून सुरुवात करू नका. पुढचे व्हाउचर आले की त्याला जोडण्यासाठी बिल मागा, आणि बिल नसेल तर खर्च मंजूर करणाऱ्याची सही आधी घेऊन मगच ते माझ्याकडे पाठवावे, असे साहेबांना सौम्यपणे पण लेखी कळवा. त्यावर काय उत्तर आले ते त्याच रात्री वहीत उतरवा, आणि दबाव आलाच तर एकटे राहू नका, पाळकसाहेबांना किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या हिशेबनिसाला भेटा.